फ्रेंचमध्ये एक्सपोझे द्यायचाय? उच्चारांचं नंतर बघू, आधी प्लाँ

अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच जणांना (स्कोरिंग म्हणून घेतलं, खोटं कशाला बोला) व्याकरण येतं, पत्र लिहिता येतं, पण वर्गभर फ्रेंच लोकांपुढे उभं राहून वीस मिनिटं एक्सपोझे द्यायचा, म्हणजे एखादा विषय तोंडी मांडायचा म्हटलं की घशाला कोरड पडते. माझी पडली होती, तिकडे मास्टर्सच्या पहिल्याच सेमिस्टरला. विषय मराठवाड्यातलं भूजल, म्हणजे घरचाच, आणि मी काय केलं तर आधी सगळं इंग्लिशमध्ये झकास लिहून काढलं, मग त्याचं फ्रेंच केलं, मग पाठ करून पाढे म्हणतात तसं घडाघडा म्हणून टाकलं. सर शांतपणे म्हणाले, माहिती भरपूर आहे हो, पण तुमची प्रॉब्लेमातीक काय?

तर सगळ्यात आधी ती. प्रॉब्लेमातीक म्हणजे विषय नव्हे, विषयात अडकलेला पेच, आणि तो प्रश्न म्हणून मांडायचा. 'मराठवाड्यातलं भूजल' हा झाला विषय. 'बोअर खोल खोल नेत गेलं की टंचाई मिटते की उलट वाढते?' ही प्रॉब्लेमातीक. तिथली पोरं लिसेत, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयात, हाच साचा घोटून घोटून आलेली असतात, त्यामुळे ऐकणारा नकळत त्याचीच वाट बघतो आणि ती आली नाही तर पुढचं कितीही चांगलं बोला, त्याला सूर लागत नाही.

सुरुवातीचा क्रम ठरलेला आहे. आधी आक्रॉश, म्हणजे लक्ष खेचणारी एखादी घटना किंवा आकडा, मग विषय, मग प्रॉब्लेमातीक आणि मग प्लाँ, म्हणजे मांडणीचा आराखडा, चक्क जाहीर करायचा: 'दाँझँ प्रमिए ताँ' (आधी) हे बघू, 'दाँझँ सगों ताँ' (मग) ते बघू. आपल्याला हे फार शाळकरी वाटतं, वाटू दे. भाग दोन किंवा तीन, कायदा शिकत असाल तर बहुतेक दोनच. एक भाग संपला की दुसऱ्याकडे नेणारं एक वाक्य हवं, आणि शेवटी उत्तर देऊन झाल्यावर विषय जरा पुढे उघडून द्यायचा, त्याला उव्हेर्त्यूर म्हणतात.

पूर्ण स्क्रिप्ट लिहू नका. वाचून दाखवलेलं त्यांना लगेच कळतं आणि आवडत नाही. डाल्फ सी-वन या फ्रेंचच्या वरच्या पातळीच्या परीक्षेत, तिच्या तोंडी भागात तर तयारीला तासभरच मिळतो, त्यात कागदपत्रं वाचून ८ ते १० मिनिटांचा एक्सपोझे उभा करायचा, वर परीक्षकांशी चर्चा, तिथे पाठांतर कुठून आणणार? माझ्या हातात आता एकच कागद असतो: पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, मधली जोडवाक्यं आणि सगळे आकडे अक्षरी.

हो, अक्षरी, कारण बाकी सगळं निभावतं पण आकड्यात माणूस आपटतो. मला १९७२ चा दुष्काळ सांगायचा होता. बहात्तर म्हणजे फ्रेंचमध्ये साठ-बारा, स्वासाँत-दूझ, आणि मी 'स्वासाँत' म्हणून जी थांबले ती थांबलेच. ऐंशी म्हणजे चार-वीस, कात्र-व्हँ, सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-सात. आमची आजी बाजारात चार विसा म्हणायची, तिला हे सहज जमलं असतं बहुतेक. स्लाइडवर दशांशाला टिंब नको, स्वल्पविराम (१,५), आणि 'मिल्यार' म्हणजे अब्ज, मिलियन नव्हे.

उच्चारांचा फार बाऊ नको, पण जिथे अर्थ बदलतो तेवढं घोटा. ओठ ऊ म्हणताना करतो तसे गोल ठेवायचे आणि आतून ई म्हणायचं, तो यू. दस्यू म्हणजे वर आणि दसू म्हणजे खाली, पाण्याच्या पातळीवर बोलताना हे चुकलं तर झालंच कल्याण. 'ले एरो' म्हणजे नायक लोक, मध्ये झ जोडलात तर 'ले झेरो', शून्यं. नाकातले स्वर कोकणातल्या मंडळींना फारसे जड जाऊ नयेत. आणि दर वाक्याला 'अ‍ॅक्च्युअली' म्हणायची सवय असेल तर सांभाळा, आक्त्युएलमाँ म्हणजे 'सध्या'.

प्रश्नोत्तरांची भीती सगळ्यात जास्त वाटते, पण खरं तर तिथे वेळ काढता येतो. 'सी झे ब्याँ कोंप्री व्होत्र केस्तियों...' म्हणजे 'तुमचा प्रश्न मला नीट कळला असेल तर', असं म्हणून प्रश्न स्वतःच्या शब्दांत परत सांगायचा, चुकीचा कळला असेल तर ते तिथेच दुरुस्त करतात. सगळ्यांना 'व्हू' म्हणा, अहो-जाहो, एरवी वर्गमित्राला 'त्यू' म्हणत असलात तरी.

मेम्वारच्या, म्हणजे प्रबंधाच्या सूतनाँसला (तोंडी परीक्षेला) जूरी, म्हणजे परीक्षक मंडळी, शेवटी तुम्हाला बाहेर उभं करून आपापसात चर्चा करते, ती पाच-दहा मिनिटं फार वाईट जातात. परत आत बोलावल्यावर कोणी 'पा माल' म्हणालं तर तोंड पाडून बसू नका. शब्दशः ते 'वाईट नाही' असलं तरी तिकडे ती कौतुकाची थाप आहे, मला हे कळायला एक सेमिस्टर लागलं.