मोठ्या डॉक्टरची तारीख लागेपर्यंत काय करायचं

आमचं घर नागपूरच्या हनुमाननगरात, मेडिकलपासून, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलपासून, पायी अंतरावर. त्यामुळे गावाकडून पेशंट आला की त्याची पिशवी आधी आमच्या घरी टेकते. किती जणांना घेऊन मी ओपीडीच्या रांगेत उभी राहिले, ते मोजलं नाही. पण मागच्या वर्षी मामाच्या बाबतीत जे झालं, त्यानंतर हे सगळं लिहून काढायचं ठरवलं.

मामा गडचिरोलीतल्या आरमोरीचा. त्याला रात्री झोपेत मिरगीसारखे झटके यायला लागले. एका दवाखान्यात न्यूरोलॉजिस्टची, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरची, तारीख मिळाली दीड महिन्यानंतरची. त्या दिवशी मामा-मामी पहाटेच्या एसटीनं आले, दुपारी एकपर्यंत आम्ही बाकावर बसलो, आणि मग कळलं की डॉक्टर रजेवर आहेत. पुढची तारीख तीन आठवड्यांनी. मामी काहीच बोलली नाही, नुसती पिशवीचं तोंड बांधत राहिली. तिचे ते हात मला अजून दिसतात. तेव्हापासून आदल्या दिवशी फोन करून किंवा स्वतः खिडकीवर जाऊन डॉक्टर उद्या आहेत का हे विचारल्याशिवाय मी गावाहून कोणाला निघू देत नाही. तुम्हीही नागपुरातल्या एखाद्या नातेवाइकावर हे काम सोपवा.

इतकी वाट का पाहावी लागते? एमबीबीएस साडेपाच वर्षांचं, त्यावर एमडी तीन, न्यूरोलॉजी किंवा कार्डिओलॉजीचं डीएम आणखी तीन. असे डॉक्टर मुळातच थोडे, आणि जे आहेत ते शहरात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा तर आहेच, शिवाय छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगावचे पेशंटही नागपूरलाच येतात. रांग लांब असणारच. म्हणून आपला नंबर लागेल तेव्हा तो वाया जाऊ नये, एवढं तरी आपण बघायचं.

पण आधी हे नीट वाचा. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एका हातातलं बळ गेलं, बोलणं अडखळलं, तर तारीख वगैरे काही नाही, १०८ ला फोन आणि थेट कॅज्युअल्टी. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला तेही लक्षात ठेवा. छातीत दाब येऊन घाम फुटला तरी तसंच. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तरीही तसंच. झटका आलेल्याला कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, चप्पल किंवा कांदा हुंगवू नका.

बाकी दुखण्यांसाठी थेट सुपर स्पेशालिस्टच्या मागे लागण्याआधी मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा. बीपी, शुगर, थायरॉइड बहुतेक वेळा तिथंच आटोक्यात येतं. गरज असेल तर तेच डॉक्टर वर पाठवतात, आणि त्यांची चिठ्ठी सोबत असली की पुढचं बरंच सोपं जातं. गावातून निघणं जमत नसेल तर ई-संजीवनीवर मोबाईलवरून सरकारी डॉक्टरांचा सल्ला फुकट मिळतो. तपासण्या कोणत्या करून आणायच्या, एवढं विचारलं तरी एक खेप वाचते.

मेडिकलचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल मुख्य इमारतीत नाही, ते वेगळं आहे. ऑटोवाल्याला नीट 'सुपर' म्हणून सांगा. तिथं गेलात की केसपेपरवर कोणतं युनिट आहे आणि त्या युनिटचा ओपीडीचा वार कोणता, हे पाहून ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्याच वारी गेलात तर दुसरेच डॉक्टर भेटतात आणि सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. नागपुरातच मिहानला असलेल्या एम्सची वेळ सरकारच्या ओआरएस पोर्टलवर घरूनच घेता येते. भरती व्हायचं किंवा ऑपरेशन निघालं तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात सरकारी योजनेचं काम बघणाऱ्याला, भेटा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. भरती होण्याआधीच विचारा, बिल झाल्यावर नाही.

आता कागद. मामाच्या दुसऱ्या खेपेत आम्ही सीटीचा रिपोर्ट नेला आणि फिल्म घरी कपाटावर राहिली. डॉक्टरांना फिल्मच हवी होती. त्या रात्री मी मामीला समोर बसवलं आणि वहीच्या एका पानावर सगळं उतरवलं. पहिला झटका केव्हा, एकूण किती, किती मिनिटं, त्या वेळी डोळे उघडे की मिटलेले, जीभ चावली का, लघवी झाली का, आधी कोणती औषधं किती दिवस घेतली, घरात आणखी कोणाला मिरगी आहे का. औषधांची नावं आठवत नसतील तर रिकाम्या स्ट्रिप्सच पिशवीत टाका. आणि मामेभावाला सांगितलं, पुढचा झटका आला की एकानं मामाला सांभाळायचं, दुसऱ्यानं मोबाईलवर चित्रण करायचं. त्याला ते फार जिवावर आलं. बापाची ती अवस्था टिपायची म्हणजे काय, मला कळत होतं. तरी त्यानं केलं.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी पान वाचलं, चित्रण दोनदा पाहिलं, मामीला दोन-तीन प्रश्न विचारले, ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, सांगितला आणि गोळी सुरू केली. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. निघताना मी विचारलं, पुढची तारीख लांबली तर गोळी कोण लिहून देणार? त्यांनी गावच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली. हे तुम्ही न विसरता विचारा. झटक्याची गोळी मध्येच बंद पडली तर झटके उसळून येतात, आणि नागपूरची तारीख नाही म्हणून गोळी बंद, असं मी दोन घरांत पाहिलंय.

मामा आता तीन महिन्यांनी येतो, आपल्या युनिटच्या वारालाच. पान मामी स्वतः लिहिते. मागच्या वेळी तिनं प्रत्येक तारखेपुढं 'शांत झोपले' असं लिहून आणलं होतं, सलग एकाहत्तर ओळी.