हुकूमशहाविरुद्ध युद्ध समर्थनीय आहे का? या विषयावरच्या वादविवादाची तयारी

डिसेंबर उजाडला की पणजी, म्हापसा, मडगाव, फोंड्याकडची हायस्कूलं, महाविद्यालयं आणि वाचनालयं मुक्तिदिनानिमित्त वादविवाद ठेवतात, आणि हा विषय कुठल्या ना कुठल्या शब्दांत येतोच. विषय उत्तम आहे, पण बहुतेक वेळा वाया जातो. अनुकूल बाजू हुकूमशहा किती क्रूर होता ते पाच मिनिटं सांगते, प्रतिकूल बाजू युद्ध किती भयंकर असतं ते पाच मिनिटं सांगते, आणि एकमेकांच्या मुद्द्याला हातही न लावता दोघं व्यासपीठावरून खाली उतरतात. हुकूमशहा वाईट आणि युद्धात माणसं मरतात, यावर सभागृहात कुणाचंच दुमत नसतं. खरा वाद मधल्या जागेत आहे. त्या जुलमामुळे बळ वापरायचा अधिकार नेमका कोणाला मिळतो, कधी मिळतो आणि किती? तयारीचा सगळा वेळ तिथे घालवायचा.

ठरावाचे शब्द

आयोजकांनी सर्वांत जास्त डोकं इथे लावावं. ‘हुकूमशहाविरुद्ध युद्ध’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. एक, राजवट उलथवण्यासाठी केलेलं युद्ध, जसं २००३ मध्ये इराकवर झालं. दोन, हुकूमशहाने आधी हल्ला केला म्हणून दिलेलं उत्तर. ऑक्टोबर १९७८ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याचं सैन्य टांझानियाच्या कागेरा भागात घुसलं आणि त्याला हुसकताना टांझानियाचं सैन्य एप्रिल १९७९ मध्ये थेट युगांडाच्या राजधानीपर्यंत, कंपालापर्यंत पोचलं. तीन, हुकूमशहाच्या ताब्यातला प्रदेश सोडवण्यासाठी केलेली कारवाई, म्हणजे १९६१ चा गोवा.

ही विभागणी न केल्यामुळे गोव्यातले वक्ते हमखास एका ठिकाणी सापडतात. ‘गोवामुक्तीने सिद्ध केलं की बळापुढे हुकूमशाही टिकत नाही’ असं कुणी म्हटलं, तर समोरच्याला दोनच तारखा पुरतात. गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार १९६८ पर्यंत सत्तेवर होता आणि गेला तो आजारपणामुळे. त्याची राजवट पडली २५ एप्रिल १९७४ ला, पोर्तुगालच्याच सैनिकांच्या उठावाने. १९६१ च्या भारतीय लष्करी कारवाईने, म्हणजे ऑपरेशन विजयने, गोवा, दमण आणि दीव मुक्त केले; लिस्बनमधली हुकूमशाही त्यानंतर बारा वर्षं चालली. अनुकूल बाजूने हे स्वतःहून आधीच मान्य करावं. मग तो मुद्दा विरोधकांच्या हातात शस्त्र म्हणून उरत नाही.

ठराव एका वाक्याचा ठेवा आणि एकाच प्रश्नावर बोट ठेवा. ‘भारताने डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात केलेली लष्करी कारवाई समर्थनीय होती’ हा चांगला ठराव. याच वाक्याच्या सुरुवातीला ‘शांततेचे सर्व मार्ग खुंटल्यावर’ असं जोडलं की निम्मा वाद आयोजकांनीच अनुकूल बाजूला बहाल केला, कारण मार्ग खरोखर खुंटले होते का, हाच तर मुख्य प्रश्न. मोठ्या गटासाठी ‘संयुक्त राष्ट्रांच्या मंजुरीशिवाय परक्या देशातली हुकूमशाही बळाने उलथवणं समर्थनीय नाही’ हा ठराव घ्या. त्यात इराक, युगांडा, कंबोडिया सगळे येतात.

कसोट्या

युद्ध न्याय्य की अन्याय्य हे तपासायच्या कसोट्या जुन्या आहेत: कारण न्याय्य आहे का, युद्ध पुकारणाऱ्याला तो अधिकार आहे का, हेतू सरळ आहे का, हा शेवटचा उपाय आहे का, यशाची वाजवी शक्यता आहे का, आणि होणारी हानी मिळणाऱ्या फळाच्या प्रमाणात आहे का. त्यांना जोड द्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची. कलम २(४) दुसऱ्या देशाविरुद्ध बळ वापरायला मनाई करतं, कलम ५१ सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाची मुभा देतं, आणि त्यापलीकडे मंजुरी द्यायचा अधिकार सुरक्षा परिषदेचा. पाच मिनिटांत सहाही कसोट्या घ्यायला गेलात तर एकही नीट होत नाही. आपल्या बाजूला दोन निवडा. बाकीच्यांवर विरोधक काय म्हणेल, एवढं टिपून ठेवा.

यांतली सर्वांत कसदार कसोटी शेवटच्या उपायाची. आपल्याकडे ती समजावून सांगावी लागत नाही. कृष्णशिष्टाई प्रत्येकाला ठाऊक आहे: युद्धाआधी पाच गावांवर तडजोड मागितली गेली आणि सुईच्या अग्रावर मावेल एवढी मातीही नाकारली गेली. पण वादात हा दाखला दुधारी ठरतो. विरोधक विचारू शकतो की ती मागणी खरोखर मान्य व्हावी म्हणून होती की युद्धाचा दोष दुसऱ्यावर टाकण्यासाठी होती? हेच इतिहासातल्या प्रत्येक वाटाघाटीबद्दल विचारायचं असतं. किती वेळा बोलणी झाली यापेक्षा, समोरच्याला मान्य करता येईल असं काही पुढे ठेवलं होतं का, हे शोधा.

गोव्याचं टिपण

पाठ करायला नव्हे, हाताशी ठेवायला. भारताने २७ फेब्रुवारी १९५० ला पोर्तुगालकडे वाटाघाटींची मागणी केली. लिस्बनने विषयच नाकारला. १९५१ मध्ये घटना बदलून गोव्याला ‘सागरपार प्रांत’ ठरवलं, म्हणजे वसाहत नाहीच तर सोडायचं काय, असा पवित्रा. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी नागरी हक्कांसाठी सभा घेतली, तिथून सत्याग्रहाची वाट सुरू होते. १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसं मारली गेली. पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक त्याच दिवसाची साक्ष आहे. त्यानंतर भारताने संबंध तोडले आणि सत्याग्रहींना सीमा ओलांडायला स्वतःच बंदी केली.

जुलमाचा पुरावा देताना आवाज चढवू नका, बारीक गोष्ट सांगा. लग्नपत्रिका छापायलाही सेन्सॉरची मंजुरी लागत असे. १९५४ मध्ये डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी एका मेजवानीत, गोवा हा पोर्तुगालच आहे अशा अर्थाच्या भाषणाचा तिथल्या तिथे निषेध नोंदवला. तेवढ्यावरून त्यांना अटक करून पोर्तुगालला पाठवलं. गोव्याच्या मुक्तिचळवळीतले नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलं होतं. ‘अनन्वित अत्याचार’ या ठोकळेबाज शब्दांपेक्षा यांतली एक ओळ परीक्षकाच्या जास्त लक्षात राहते.

आता प्रतिकूल बाजू. ही बाजू घ्यायला गोव्यातली मुलं बिचकतात आणि शिक्षक ती दुबळ्या संघाच्या गळ्यात मारतात. हे सरळसरळ चूक आहे. ही बाजू घेणं म्हणजे मुक्तीला विरोध नव्हे. प्रश्न साधनाचा आहे, आणि तो त्या वेळीही विचारला गेला. तिचे मुद्दे भक्कम आहेत. शांततेचा पुरस्कार करणाऱ्या भारतानेच, गोव्यात बळ वापरणार नाही असं १९५५ मध्ये जाहीर करून, नंतर शब्द फिरवला. सत्याग्रहाला पुरता वाव दिला नाही. भारताने गोव्यावर घातलेली आर्थिक नाकाबंदी धड लागू पडलीच नाही: खाणींतलं लोहखनिज परदेशी जात राहिलं आणि बटाटे नेदरलँड्समधून, चहा सिलोनमधून, सिमेंट जपानमधून येत राहिलं. उलट मुंबईत राबणाऱ्या गोंयकाराचे घरी येणारे पैसे मात्र अडले. आणि सुरक्षा परिषदेत १८ डिसेंबर १९६१ ला युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या ठरावाच्या बाजूने ७ मतं पडली, विरोधात ४. ठराव अडला तो सोव्हिएत नकाराधिकाराने.

अनुकूल बाजूचं उत्तरही त्याच कागदांत आहे. विरोधातल्या चार मतांत सोव्हिएत संघाबरोबर सिलोन (आजचा श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) होते, म्हणजे आशिया-आफ्रिकेतले देश. वर्षभरापूर्वीच, १४ डिसेंबर १९६० ला, आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा ठराव १५१४ मंजूर केला होता, आणि दुसऱ्या दिवशी ठराव १५४२ ने गोव्याला स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत घातलं. भारताच्या प्रतिनिधींनी परिषदेत हाच धागा धरला: ही परक्या देशावर चढाई नव्हे, वसाहतीचा शेवट आहे. शिवाय अकरा वर्षं वाट पाहिली होती.

प्रमाणाची कसोटी इथे अनुकूल बाजूची. १७ डिसेंबरच्या रात्री सुरू झालेली कारवाई १९ तारखेला शरणागतीने संपली. भारताचे २२ आणि पोर्तुगालचे सुमारे ३० जण ठार झाले. हा आकडा इतका लहान राहिला त्याचं श्रेय फक्त भारतीय सैन्याला देऊ नका. सालाझारने १४ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना कळवलं होतं की युद्धबंदी नाही, पोर्तुगीज युद्धकैदीही नकोत. सैनिक एकतर विजयी किंवा मृत. वासालो इ सिल्वा यांनी ते पाळलं नाही. प्रतिकूल बाजू इथे बरोबर टोचू शकते: हानी कमी झाली ती एका माणसाने आज्ञा मोडली म्हणून, निर्णय घेताना दिल्लीला याची हमी कुठे होती? निकालावरून निर्णय योग्य ठरवायचा की निर्णयाच्या वेळी हाती असलेल्या माहितीवरून? या प्रश्नावर अख्खी फेरी रंगू शकते. रंगू द्या.

नंतर काय?

हा भाग जवळजवळ सगळेच विसरतात. मे २००३ मध्ये इराकचं सैन्य एका आदेशाने बरखास्त झालं आणि शस्त्रं हाताळलेली लाखो माणसं रस्त्यावर आली. ज्या महासंहारक शस्त्रांसाठी युद्ध पुकारलं ती सापडलीच नाहीत. लिबियात सुरक्षा परिषदेचा १७ मार्च २०११ चा ठराव क्रमांक १९७३ नागरिकांच्या रक्षणासाठी होता, भारत तटस्थ राहिला होता. शेवट गद्दाफीच्या मृत्यूत आणि पुढे यादवीत झाला. कंबोडियात व्हिएतनामने जानेवारी १९७९ मध्ये पोल पॉटची कत्तलखोर राजवट हटवली, तरी संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची पुढची कित्येक वर्षं त्याच्याच बाजूकडे राहिली. कायदा आणि न्याय एका रेषेत चालत नाहीत याचा याहून स्पष्ट दाखला नाही.

गोव्यात डिसेंबर १९६३ मध्ये निवडणूक झाली, दोन वर्षांत लोकांचं सरकार आलं. अनुकूल बाजूने हा मुद्दा शेवटच्या वक्त्यासाठी राखावा. जानेवारी १९६७ चा जनमत कौल मात्र इथे ओढू नका. त्यात महाराष्ट्रात विलीनीकरण की केंद्रशासित प्रदेश एवढंच विचारलं होतं. १९६१ च्या कारवाईवरचं मत म्हणून तो दाखवला की परीक्षक गुण कापतो, आणि योग्यच करतो.

तयारी आणि भाषण

दोन आठवडे पुरतात. पहिले चार दिवस दोन्ही संघांनी एकत्र बसून वरच्यासारखं एकच तारखांचं टिपण करावं, म्हणजे स्पर्धेत घटनांवर भांडण होत नाही, अर्थावर होतं. पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात एक पूर्ण दिवस काढा. घरातल्या आजी-आजोबांना नाकाबंदीबद्दल विचारा, पण ‘आमच्या घरी असं होतं’ ही आठवण आहे, अख्ख्या गोव्याचा पुरावा नव्हे. तसंच सांगून वापरा. पाचव्या दिवसानंतर बाजू ठरवा, तीही चिठ्ठ्या टाकून.

पाच मिनिटांना साडेपाचशेच्या आसपास शब्द बसतात. लिहून काढा साडेतीनशेच. उरलेली जागा खंडनाची. पहिल्या अर्ध्या मिनिटात कोणती कसोटी घेतली ते सांगा. मग विरोधकाचा एक मुद्दा मोकळेपणाने मान्य करा. दोन मिनिटं आपले दोन मुद्दे, दीड मिनिट खंडन. फुलस्केप कागद मधोमध दुमडा. डावीकडे समोरच्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत, उजवीकडे उत्तर. डावी बाजू आपल्या शब्दांत लिहिली की माणूस नकळत सोपं करून लिहितो आणि जे कुणी म्हटलंच नाही त्याचं खंडन करत बसतो.

हिटलरचं नाव घेण्याआधी थांबा. १९३८ चा म्युनिक करार हा खरा दाखला आहे, पण त्यातून निघतं एवढंच की शेजाऱ्याचा प्रदेश गिळणाऱ्याला सवलत देऊन भूक भागत नाही. स्वतःच्याच लोकांना छळणाऱ्या, पण सीमा न ओलांडणाऱ्या राज्यकर्त्याला तो जसाच्या तसा लागू होत नाही.

परीक्षकांनी ५० पैकी युक्तिवादाला २०, खंडनाला १५, पुराव्याला १० आणि भाषा-सादरीकरणाला ५ गुण ठेवावेत. सादरीकरणाला जास्त दिलेत तर पाठांतर जिंकतं. बोलता बोलता कोंकणी शब्द आला म्हणून गुण कापू नका. घरची भाषा कोंकणी असलेली मुलं मराठीत इतका अवघड विषय मांडताहेत. श्रोत्यांच्या प्रश्नांना दहा मिनिटं द्या, प्रश्न एका वाक्याचा, आणि पहिला प्रश्न ज्या बाजूला टाळ्या कमी पडल्या तिच्या मुद्द्यावर घ्या. सभागृहात स्वातंत्र्यसैनिकांची कुटुंबं असली तर प्रतिकूल बाजूच्या पहिल्या वक्त्याने सुरुवातीलाच एका वाक्यात सांगावं की वाद कारवाईच्या निर्णयाबद्दल आहे, त्यांच्या त्यागाबद्दल नाही, आणि लगेच पहिल्या मुद्द्यावर यावं.