लॉगफ्रेम आणि मूल्यमापन : प्रकल्प आखताना या चुका टाळा

लॉगफ्रेम म्हणजे प्रकल्पाची आखणी एका पानावर मांडणारा तक्ता: चार ओळी, चार रकाने, सोळा चौकोन. 1969 च्या सुमारास यूएसएड या अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेसाठी हा तक्ता तयार झाला. प्रकल्प संपल्यावर तो यशस्वी झाला की नाही यावरच एकमत होत नसे, कारण यश कशाला म्हणायचं हे सुरुवातीला ठरलेलंच नसे. ही अडचण सोडवायला तक्ता आला. 1980 च्या दशकात जीटीझेड या जर्मनीच्या विकास-सहकार्य संस्थेने त्याला समस्या-विश्लेषणाची आणि सहभागी कार्यशाळांची जोड दिली. आता निधीच्या बहुतेक मोठ्या प्रस्तावांत तो मागितला जातो, आणि गडबड तिथेच होते. बजेट ठरतं, कामं ठरतात आणि प्रस्ताव पाठवायच्या आदल्या दिवशी कुणीतरी सोळा चौकोन भरतं. तीन वर्षांनी मूल्यमापन करणारा येतो, तेव्हा मोजण्यासारखं फारसं काही हाती लागत नाही.

खालून वर वाचलं तर ओळी अशा: कृती, फलित (आऊटपुट), परिणाम (आऊटकम) आणि दूरगामी उद्दिष्ट. रकाने डावीकडून: वर्णन, दर्शक (बदल ज्यावरून मोजायचा ते माप), पडताळणीचं साधन (तो आकडा कुठून मिळणार), गृहीतकं (आपल्या हातात नसलेल्या, पण खऱ्या ठराव्या लागणाऱ्या गोष्टी). पुढच्या सगळ्या चुका एकाच उदाहरणावर पाहू. प्रकल्प पिण्याच्या पाण्याचा आहे. 40 हातपंप बसवायचे, प्रत्येक पंपाला पाणी समिती नेमायची, कुटुंबांनी वर्षभर सुरक्षित पाणी वापरावं हा परिणाम आणि पाच वर्षांखालच्या मुलांमधला अतिसार कमी व्हावा हे उद्दिष्ट.

समस्येच्या पोटात उपाय लपवणं

आखणीच्या कार्यशाळेत लोकांच्या समस्या कार्डांवर लिहून समस्या-वृक्ष मांडतात: खोडावर मुख्य समस्या, खाली कारणं, वर त्यांचे परिणाम. त्या खोडावर 'हातपंप नाहीत' असं लिहिलं की चर्चा तिथेच संपते. पंप नाहीत, म्हणून पंप बसवा. कार्डावर 'नाही', 'अभाव', 'कमतरता' यांपैकी शब्द आला की थांबा आणि विचारा: यामुळे कुणाला, कधी, काय सोसावं लागतं? मग वाक्य बदलतं: 'उन्हाळ्याचे तीन महिने कुटुंबं उघड्या झऱ्याचं पाणी पितात.' आता खाली 'का?' विचारत उतरा. कदाचित असं निघेल की पंप आधीच आहेत, पण वॉशर झिजल्यावर बदलायला पैसे जमत नाहीत म्हणून ते बंद पडलेत. मग नवे 40 पंपही त्याच कारणाने बंद पडणार.

एका कार्डावर एकच समस्या, क्रियापदासह पूर्ण वाक्यात. 25-30 कार्डं पुरतात. प्रत्येक बाण वर जाताना 'म्हणून', खाली येताना 'कारण' लावून मोठ्याने वाचा. वाक्य अडखळलं तर मधली कडी सुटलेली असते. आणि पाणी भरणाऱ्या बायकांची बैठक वेगळी घ्या. गावच्या सभेत पुढे बसणारे आणि रोज डोक्यावर हंडा वाहणाऱ्या एकच समस्या सांगत नाहीत.

आपण केलेलं काम म्हणजेच परिणाम समजणं

'80 समिती सदस्यांना प्रशिक्षण मिळालं' हे वाक्य परिणामाच्या ओळीत सर्रास सापडतं. ओळखायची खूण सोपी आहे: वाक्याचा कर्ता पाहा. ज्या गोष्टीची खात्री प्रकल्प आपल्या पैशाने आणि माणसांनी देऊ शकतो, ते फलित. जी गोष्ट लोकांनी स्वतः करायची असते, तो परिणाम. 'समित्या दरमहा वर्गणी जमवून आठवड्याच्या आत दुरुस्ती करतात' हे परिणामाच्या बाजूचं वाक्य, कारण ते आपण त्यांच्या वतीने करू शकत नाही.

याच्या उलट चूक म्हणजे कड्या गाळून उडी मारणं. पंप बसले म्हणून अतिसार कमी झाला, असं होत नाही. पंपाच्या तोंडाशी शुद्ध असलेलं पाणी घरापर्यंत नेताना आणि साठवताना दूषित होतं, हे पाण्याच्या कामात सगळ्यांना माहीत आहे. तरी झाकणाचं भांडं, दांड्याचं ओगराळं, हात धुणं यांपैकी काहीही तक्त्यात नसतं. अशा जागी आधी बदलाची साखळी आकृतीने काढा (थिअरी ऑफ चेंज तेच करते), प्रत्येक बाणाशेजारी 'हे का घडेल' ते एका ओळीत लिहा आणि मगच तक्ता भरा. परिणाम एकच ठेवा. दोन परिणाम लिहिले की निधी कमी पडल्यावर कोणता सोडायचा यावर भांडण ठरलेलं.

गृहीतकांचा रकाना शोभेचा ठेवणं

आमच्या मते सोळा चौकोनांतला सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि सगळ्यात निष्काळजीपणे भरला जातो तोही हाच. 'राजकीय स्थैर्य राहील', 'लोक सहकार्य करतील' ही दोन वाक्यं कोणत्याही प्रकल्पाला चिकटवता येतात, म्हणून ती कोणत्याच प्रकल्पाच्या उपयोगाची नाहीत.

तक्ता तिरका वाचायचा असतो: कृती झाल्या आणि त्या ओळीतली गृहीतकं खरी ठरली, तर फलित मिळेल, फलित मिळालं आणि त्या ओळीतली गृहीतकं खरी ठरली, तर परिणाम दिसेल. प्रत्येक गृहीतक चाळणीतून काढा. ते चुकलं तर पुढची पायरी अडते का? अडत नसेल तर खोडून टाका. अडत असेल, तर ते खरं ठरण्याची शक्यता किती? जवळजवळ नक्की असेल तर लिहायची गरज नाही. शक्यता बरी असेल तर लिहा आणि लक्ष ठेवा. शक्यता कमी असेल तर आराखडा बदला. आराखडा बदलूनही भागत नसेल, तर हा प्रकल्प या रूपात करू नये. याला घातक गृहीतक म्हणतात आणि ते प्रस्तावाच्या टप्प्यावर सापडणं सगळ्यात स्वस्त पडतं.

आपल्या उदाहरणात 'उन्हाळ्यात भूजल पंपाच्या टप्प्यात राहील' हे तसं गृहीतक आहे. वरून पाणी ओढणारा साधा पंप सुमारे 7 मीटर खोलीपर्यंतच चालतो. मे-जूनसारख्या कोरड्या ऋतूच्या शेवटी पातळी 9 मीटरवर जात असेल, तर तो पंप नेमका गरजेच्या महिन्यांत कोरडा पडेल. पातळी पावसाळ्यानंतर मोजली तर हे कळणारच नाही. म्हणून पंपाचा प्रकार ठरवण्याआधी कोरड्या ऋतूच्या अखेरची पातळी विहिरींत दोर सोडून मोजा, आणि खोल असेल तर विहिरीत आत सिलिंडर असलेला पंप घ्या. इतकं केलं की ते गृहीतक उरतच नाही, त्याचं आराखड्यातलं काम होतं. 'लोक सहकार्य करतील' याचंही तसंच आहे. ते सहकार्य मिळवणं हे प्रकल्पाचंच काम, म्हणून त्याची जागा कृतींच्या ओळीत. जी गृहीतकं उरतील त्यांच्यापुढे नाव आणि तारीख लिहा. दर तिमाहीला कुणीतरी ती तपासली पाहिजेत.

न मोजता येणारे दर्शक

'पाण्याची उपलब्धता सुधारेल' हा दर्शक नव्हे, ती इच्छा आहे. तो टप्प्याटप्प्याने बांधा. काय? पिण्याच्या पाण्याची सोय. कुणाची? प्रकल्पक्षेत्रातल्या कुटुंबांची. कोणत्या दर्जाची? इथे स्वतःची व्याख्या रचू नका. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त देखरेख कार्यक्रमात 'मूलभूत' सेवेची व्याख्या तयार आहे: सुधारित स्रोत, आणि जाऊन-येऊन रांगेसह 30 मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागू नये. कधी? कोरड्या ऋतूच्या शेवटच्या महिन्यात. आता दर्शक झाला. बेसलाइन (काम सुरू होण्याआधीची स्थिती) 35 टक्के आणि तिसऱ्या वर्षाअखेरचं लक्ष्य 70 टक्के हे आकडे शेजारच्या स्वतंत्र रकान्यांत लिहा. दर्शकाच्या वाक्यात 'वाढेल' असं घातलं की तो दर्शक राहत नाही, भाकीत होतं.

छेद न लिहिणं ही आणखी एक नेहमीची चूक. '1,400 कुटुंबं वापरतात' हे किती कुटुंबांपैकी? तसंच 'पंप चालू आहे' याचा अर्थ दोन पाहणी करणाऱ्यांनी दोन घेतला तर आकडे निरुपयोगी. भेटीच्या दिवशी 20 लिटरची बादली ठरवलेल्या वेळात भरते का, असं घड्याळ लावून पाहा आणि ती वेळ तक्त्याच्या टिपेत लिहून ठेवा.

ओळीमागे एक ते तीन दर्शक पुरे. पडताळणीच्या रकान्यात 'सर्वेक्षण अहवाल' एवढंच लिहिलं असेल तर विचारा: कोण करणार, कोणत्या महिन्यात, कोणाच्या पगारातून? उत्तर बजेटमध्ये सापडत नसेल, तर एक तर बजेट वाढवा किंवा तो दर्शक काढा.

उशिरा किंवा वेगळ्या ऋतूत घेतलेली बेसलाइन

अतिसार ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो. बेसलाइन पावसाळ्यात आणि एंडलाइन (प्रकल्पाच्या शेवटचं सर्वेक्षण) हिवाळ्यात घेतली तर प्रकल्पाने काही न करताही घट दिसेल. दोन्ही फेऱ्या त्याच महिन्यांत, त्याच प्रश्नावलीने, त्याच शब्दांत घ्या. 'गेल्या दोन आठवड्यांत मुलाला जुलाब झाले का' असं पहिल्यांदा विचारून नंतर 'गेल्या महिन्यात' असं विचारलं, तर तुलना संपली.

नमुन्यात किती कुटुंबं घ्यायची याबाबत 384 हा आकडा सगळीकडे फिरतो. 95 टक्के विश्वासपातळी, अधिक-उणे 5 टक्के चूक आणि प्रमाण 50 टक्के धरलं की तो निघतो, पण सोडतीने थेट कुटुंबं निवडली तरच. आधी गावं आणि मग कुटुंबं निवडत असाल तर एकाच गावातली घरं एकमेकांसारखी असतात. त्यासाठी नमुना जितक्या पटीने वाढवावा लागतो तो डिझाइन इफेक्ट; तो 2 धरला तर 768, आणि 10 टक्के घरं बंद सापडतील हे धरून सुमारे 850. शिवाय ही अधिक-उणे 5 टक्क्यांची चूक एका फेरीची आहे. दोन फेऱ्यांतल्या फरकाची चूक सुमारे अधिक-उणे 7 टक्के-बिंदू होते. तुम्हाला 6 बिंदूंचा बदल अपेक्षित असेल, तर एवढा नमुना घेऊन तो सिद्ध करता येणार नाही. हे गणित सर्वेक्षणाआधी करायचं असतं.

बेसलाइन झालीच नसेल तर लोकांच्या आठवणीवर मोजकाच भर द्या. 'पंप यायच्या आधी पाणी कुठून आणायचात' हे लोक नीट सांगतात. 'तीन वर्षांपूर्वी मुलाला किती वेळा जुलाब झाले' याचं उत्तर मात्र अंदाजाचंच असतं. त्यासाठी आरोग्य केंद्राची नोंदवही शोधा.

सगळं श्रेय प्रकल्पाला देणं

समजा, प्रकल्पाच्या गावांत मूलभूत पाणीसेवा मिळणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण 35 वरून 62 टक्क्यांवर गेलं, म्हणजे 27 बिंदूंची वाढ. पण तशाच, प्रकल्प नसलेल्या गावांत ते 37 वरून 51 वर गेलं असेल तर 14 बिंदू तिथेही वाढले. प्रकल्पाच्या वाट्याला उरतात 13. दोन्हीकडची आधीची चाल सारखी होती असं मानूनच हे उत्तर येतं, म्हणून आधीच्या दोन-तीन वर्षांचे आकडे मिळाले तर जरूर पाहा. तुलनेची गावं काम सुरू होण्याआधी निवडा. ते शक्य नसेल तर साखळीतली एकेक कडी पुराव्याने तपासा आणि 'प्रकल्पामुळे झालं' ऐवजी 'प्रकल्पाचा हातभार लागला' एवढाच दावा करा.

सहा निकषांची सहा प्रकरणं

ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीने 2019 मध्ये सुधारलेले मूल्यमापनाचे निकष सहा आहेत: प्रस्तुतता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव, शाश्वतता. सहांना सारखी पानं वाटू नका. निर्णयाला लागतील तेवढेच प्रश्न घ्या. शाश्वततेवर 'समित्या सक्षम आहेत' असं लिहिण्याऐवजी समितीच्या पासबुकातली शिल्लक आणि पंपाच्या वर्षभराच्या दुरुस्तीचा खर्च शेजारी-शेजारी मांडा. सुटे भाग विकणारं दुकान किती किलोमीटरवर आहे तेही लिहा.

तक्ता अर्ध्या वाटेवर बिघडलेला आढळला तर

आधी परिणामाचं वाक्य दुरुस्त करा, मग गृहीतकं चाळा, मग साधन नसलेले दर्शक काढा आणि उरलेल्यांसाठी आजचा आकडा तरी नोंदवा. कृती आणि फलितं गरजेप्रमाणे बदलायला हरकत नाही. परिणाम किंवा लक्ष्य बदलायचं असेल तर निधी देणाऱ्या संस्थेला लेखी कळवा, कारण लिहा, तारीख घाला आणि जुनी आवृत्ती फाइलमध्येच ठेवा. मूल्यमापन करणाऱ्याला दोन्ही तक्ते द्या, कारण 70 टक्क्यांचं लक्ष्य 55 वर का आणलं हे कळल्याशिवाय 58 टक्क्यांचा अर्थ त्याला लावता येणार नाही.