कोरड्या हवेत वॉश ओला ठेवायचा तर
मार्च उलटला की मराठवाड्याची हवा जलरंगातलं पाणी बघता बघता पिऊन टाकते. आकाशाचा वॉश (पाणीदार रंगाचा सलग थर) निम्म्यावर येतो न येतो तोच वरची कड वाळते आणि रेघ उमटते. ग्रुपसोबत छत्रपती संभाजीनगरला बीबी का मकबरा रंगवायला बसणार असाल, तर ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) कॉटन कागद दोन्ही बाजूंनी ओला करून अ‍ॅक्रिलिक शीटवर पाण्यानेच चिकटवा. खालच्या ओलीमुळे वरची बाजू बराच वेळ ओली राहते. वर पाणी चमकत असेल तर फडक्याने टिपा, नाहीतर रंग सैरावैरा पळतो. पातळ कागदावर हा खटाटोप नकोच.

मकबऱ्याचा पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. सावलीला कोबाल्ट ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), भरपूर पाण्यात. काळा घातला की घुमट मळकट दिसलाच म्हणून समजा.

उठण्याआधी सगळ्यांची चित्रं सावलीत शेजारी शेजारी मांडा. नुसतं ‘छान झालंय’ काय कामाचं? ‘ही कड कशी मऊ ठेवलीस, ब्रशवर पाणी किती होतं?’ असं विचारा. काही दाखवायचं असेल तर वेगळ्या तुकड्यावर दाखवा. दुसऱ्याच्या चित्रावर ब्रश फिरवू नका.