जुन्या सिटी-पालिओचे इंजेक्टर बदलताय? आधी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुन्या पॉवरबाज पेट्रोल गाड्या हौसेनं सांभाळणारे लोक अजून बरेच आहेत. १०६ हॉर्सपॉवरची होंडा सिटी १.५ व्हीटेक, १०० ची फियाट पालिओ १.६, फोर्ड आयकॉन १.६, क्वचित एखादी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. या गाड्यांना आता वीस-पंचवीस वर्षं होत आली. चोर्ला घाट चढताना तिसऱ्या गिअरला गाडी दमते, थंडीत सेल्फ लांबवर मारावा लागतो, सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजमध्ये नेली की निकाल ठरलेला असतो: "इंजेक्टर गेलेत की हो साहेब, चारी घालून सोडूया."

निकाल कधी कधी बरोबरही असतो. पण माझं मत विचाराल तर इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारा भाग, हा सगळ्यात शेवटी धरायचा संशयित आहे, आणि आपण त्यालाच पहिला धरतो. खर्च तिथूनच वाढत जातो.

न तपासता ऑर्डर देणं

निपाणीच्या एका ओळखीच्या पालिओत चारी इंजेक्टर नवे घातले, मिसिंग (सिलिंडर अधूनमधून नीट न पेटणं) जिथल्या तिथं. शेवटी मॅनिफोल्डला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या भागाला) जाणारा एक रबरी होज खालच्या अंगानं चिरलेला निघाला. वरून बघितला तर अगदी धडधाकट. इंजिन चालू असताना त्यावर थोडा थोडा साबणाचा फेस सोडला, तर फेस आत ओढला गेला आणि आयडलिंग बदललं. होजची किंमत एका इंजेक्टरच्या क्लिपइतकी होती म्हटलं तरी चालेल.

म्हणून आधी एकच सिलिंडर मार खातोय की चारी, ते शोधा. इंजिन आयडलला ठेवून एकेका इंजेक्टरचा कप्लर (वायरचा प्लॅस्टिक जोड) काढा. चांगल्या सिलिंडरचा कप्लर काढला की आरपीएम पडतो, इंजिन लंगडतं. ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही, तो आजारी. प्लगची वायर ओढून हीच परीक्षा घेणारे मिस्त्री अजून आहेत. त्यात शॉकही बसतो आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये, जातं. कप्लर काढणं त्यापेक्षा बरं.

आजारी सिलिंडर सापडला म्हणजे त्याचा इंजेक्टर गेला असं नाही. आधी प्लग, मग कॉइल किंवा प्लग वायर, मग कॉम्प्रेशन. हे सगळं ठीक निघालं तर इंजेक्टरकडे वळा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरच्या अंगावर आणि मूठ कानाला लावली की टिक-टिक ऐकू येते. टिकटिक आली म्हणजे इंजेक्टरमधली कॉइल जिवंत आहे आणि पेट्रोल सोडणारी सुई हलते, एवढंच कळतं. फवारा नीट पडतो की नाही हे त्यातून कळत नाही, आणि इथेच बरेच जण फसतात.

मीटर लावून रेझिस्टन्स मोजा. बहुतेक गाड्यांत हाय इम्पीडन्सचे, म्हणजे जास्त रेझिस्टन्सचे इंजेक्टर असतात, त्यांचा आकडा साधारण ११ ते १६ ओहममध्ये येतो. चारींचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. इंजिन थंड असताना एकदा मोजा आणि चांगलं तापल्यावर पुन्हा एकदा. काही कॉइल थंडीत बरोबर दाखवतात आणि तापल्या की तुटतात. "बेळगावातनं निघताना छान चालते, सुतगट्टी ओलांडली की झटके" अशी तक्रार असेल तर ही दुसरी मोजणी चुकवू नका.

सगळ्यात खात्रीची परीक्षा अदलाबदलीची. समजा दुसरा सिलिंडर आजारी आहे, तर त्याचा इंजेक्टर चौथ्यात आणि चौथ्याचा दुसऱ्यात घाला. मिसिंग चौथ्यात गेलं तर दोष इंजेक्टरचा. दुसऱ्यातच राहिलं तर वायरिंग, कॉम्प्रेशन किंवा व्हॉल्व्ह बघा. आपल्याकडे उंदरांनी वायर कुरतडणं हे कारण नेहमीचं, विशेषतः ऊसतोडीनंतर शेतातले उंदीर घराकडे सरकतात तेव्हा.

स्कॅनरबद्दल एक गोष्ट. ऑनलाइन मिळणारा ब्लूटूथ डोंगल २००१ च्या गाडीला लावून "काही एरर नाही" असा निष्कर्ष काढू नका. भारतात ओबीडीची (गाडीनं स्वतःच दोष नोंदवण्याच्या सोयीची) सक्ती भारत स्टेज ४ या प्रदूषण नियमांबरोबर, २०१० पासून सुरू झाली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांशी हा डोंगल बोलतच नाही. जुन्या होंडात सर्व्हिस कनेक्टर शॉर्ट करून चेक लाइटचे ब्लिंक मोजायची सोय आहे. बाकीच्यांना त्या त्या कंपनीचा जुना स्कॅनर असलेला मिस्त्री गाठावा लागतो. कोड वाचणारी गाडी असेल तर पी०२०१ ते पी०२०४ हे इंजेक्टरच्या सर्किटचे कोड, म्हणजे वायर, कप्लर किंवा कॉइल. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग, त्याचं कारण काहीही असू शकतं.

प्रेशर न मोजणं

गाडी गरम असताना बंद केली आणि दहा मिनिटांनी सुरूच होईना, तर सगळे म्हणतात इंजेक्टर गळतोय. गळत असेलही. पण फ्यूएल रेलवर (चारी इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) गेज लावल्याशिवाय हे ठरवता येत नाही. पोर्टमध्ये फवारा मारणाऱ्या या इंजिनांत प्रेशर साधारण अडीच ते साडेतीन बार असतं. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

इंजिन बंद केल्यावर काटा भराभर खाली येत असेल तर रिटर्नचा, म्हणजे टाकीकडे परत जाणारा रबरी पाइप क्लॅम्पनं दाबा. प्रेशर टिकलं तर प्रेशर सांभाळणारा रेग्युलेटर गेलाय. नाही टिकलं तर टाकीकडून येणारा पाइप दाबून बघा. आता टिकलं तर पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. दोन्ही दाबूनही पडतच असेल, तेव्हा मात्र इंजेक्टरवर बोट ठेवा. दाबायचा तो फक्त रबरी भाग; प्लॅस्टिकची लाइन दाबली की चिरते. ज्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच पंपाबरोबर आहे, त्यांना रिटर्नची ही पायरी लागू होत नाही.

रेग्युलेटरला मॅनिफोल्डचा बारीक व्हॅक्यूम पाइप येतो, तो काढून वास घ्या. आत पेट्रोल असेल तर डायाफ्राम फाटलाय. एवढ्या एका कारणानं गाडी काळा धूर काढते, एव्हरेज पडतं आणि इंजेक्टरला उगाच शिव्या बसतात.

उसाचं इथेनॉल आणि जुनी टाकी

आपल्या भागात साखर कारखाने भरपूर, त्यांतले बरेच इथेनॉल काढतात, त्यामुळे हा विषय इथं थोडा जवळचा आहे. ६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरूत ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची सुरुवात झाली, आणि आता पंपावर तेच मिळतं. वीस वर्षांपूर्वीच्या गाड्या ई२० धरून बनवलेल्या नव्हत्या.

याचा त्रास दोन बाजूंनी होतो. इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षं बसलेला मळ सोडवतं आणि तो फिल्टरकडे येतो. शिवाय ते हवेतला ओलावा ओढतं. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात महिना-दोन महिने उभी राहणारी गाडी, तीही अर्ध्या टाकीवर, म्हणजे आत गंज हमखास. कर्नाटकात स्वस्त पडतं म्हणून कॅन भरून नेऊन घरी ठेवणारेही आहेत. त्या कॅनमधलं पेट्रोल महिन्यांनी जुन्या गाडीत ओतू नका. इंजेक्टर नवे घालून फिल्टर आणि टाकीतली जाळी जुनीच ठेवली, तर थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. पंप बाहेर काढलाच आहे तर टॉर्च मारून टाकीचा तळ बघून घ्या.

दुसरी गोष्ट फार कमी मिस्त्री सांगतात. शुद्ध पेट्रोलचा एक भाग नीट जाळायला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं, आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून ते वाढवतो. स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीयूनं पेट्रोलात केलेली ही कमी-जास्त, काही टक्के प्लस दिसलं की लगेच "इंजेक्टर चोक झालेत" म्हणणं म्हणूनच चूक. ट्रिम प्लस १५-२० कडे जात असेल तर शोधाशोध करा. ५-६ ला घाबरू नका.

काढताना होणारं नुकसान

इंजिन थंड हवं. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन चालू करा, आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. तरीही रेल सैल करताना थोडं पेट्रोल उडतंच, चिंधी धरा. जवळ विडी नको, लटकता पिवळा बल्ब नको, आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी हवा. दार लावून शेडमध्ये हे काम करू नका.

मग धूळ. खानापूरच्या लाल मातीत फिरलेल्या गाडीच्या मॅनिफोल्डवर इंजेक्टरच्या बुडाशी मातीचा घट्ट थर बसलेला असतो. तो ब्रशनं सोडवून हवा मारल्याशिवाय इंजेक्टर ओढला, तर माती सरळ इनटेक व्हॉल्व्हवर पडते. काढल्याबरोबर भोकं स्वच्छ कापडानं बुजवा.

ओढताना कप्लरचा प्लॅस्टिक भाग पक्कडीत धरायचा नाही. वीस वर्षांच्या उष्णतेनं ते प्लॅस्टिक बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. शक्यतो रेल आणि चारी इंजेक्टर एकत्रच, हलकं डावी-उजवीकडे फिरवत वर घ्या. आणि कप्लरना काढण्याआधीच मार्करनं नंबर घाला. दोन कप्लर उलटे लागले की मिसिंग शोधण्यात संध्याकाळ जाते.

ओ-रिंग: खरं घोडं इथे पेंड खातं

नवे इंजेक्टर बसवून पेट्रोल गळतं, त्यातलं बहुतांश ओ-रिंगमुळे, म्हणजे जोड बंद ठेवणाऱ्या रबरी कडीमुळे. उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या दुकानांत कुठल्याही मापाची ओ-रिंग हातोहात मिळते, आणि मोह इथेच होतो. माप बरोबर, पण ती बहुधा नायट्राइल रबराची असते. ऑइलला ती उत्तम. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात साधं नायट्राइल फुगतं, मऊ पडतं, नंतर तडकतं. मागायची ती व्हिटॉन, म्हणजे एफकेएम रबराची. रंगावर जाऊ नका. तपकिरी दिसली म्हणजे व्हिटॉनच, असं नाही. दुकानदाराकडून मटेरिअल लिहिलेलं पाकीट घ्या.

वरची आणि खालची रिंग अनेक गाड्यांत वेगळ्या मापाची असते, शिवाय काहींत खाली एक जाड कुशनही असतं. जुनी रिंग काढली की ती परत घालायची नाही, मग ती कितीही चांगली दिसो. बसवताना रिंगवर स्वच्छ इंजिन ऑइलचा हलका हात फिरवा. ग्रीस नको, सिलिकॉन सीलंट तर अजिबात नको. त्याचा तुकडा सुटला की तो जाऊन सुईत अडकतो. कोरडी रिंग दाबून बसवली की काठावर तिची साल निघते. डोळ्यांना ते दिसत नाही, प्रेशर आलं की तिथूनच थेंब सुरू होतो.

बसवल्यावर लगेच सेल्फ मारू नका. इग्निशन चालू-बंद दोन-चार वेळा करा म्हणजे पंप रेल भरेल. मग टॉर्च घेऊन प्रत्येक इंजेक्टरच्या वर-खाली बघा, बोट फिरवा, वास घ्या. ही पाच मिनिटं वाचवण्यात काही अर्थ नाही, खाली गरम एक्झॉस्ट आहे.

कुठले घालायचे

"मोठे इंजेक्टर घातले की पिकअप वाढतो" हे हौशी मंडळींचं लाडकं वाक्य. ईसीयूचं मॅप न बदलता मोठे इंजेक्टर घातले तर आयडलला आणि शांत चालीत ऑक्सिजन सेन्सर सावरून घेतो. पण तवंदी घाटात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबलात की बहुतेक ईसीयू सेन्सरचं ऐकणं सोडून आतल्या आकड्यावर चालतात, आणि गाडी जास्त पेट्रोल पिऊन मंदावते. उलट एकच इंजेक्टर कमी सोडत असेल तर तो सिलिंडर भर लोडवर कोरडा पडून पिस्टन जळू शकतो. म्हणून चार इंजेक्टर एकमेकांशी जुळणारे असणं हे मोठे असण्यापेक्षा महत्त्वाचं.

जुन्यावर छापलेला नंबर वाचून तोच मागा. बॉशचे नंबर बहुधा ०२८० नं सुरू होतात. फ्लो तुलना करताना प्रेशर एकच आहे ना ते बघा. ३ वरून ३.५ बार झालं तरी तोच इंजेक्टर साधारण ८ टक्के जास्त सोडतो. सोळा व्हॉल्व्हच्या काही इंजिनांत फवारा दोन धारांचा असतो. तिथे एका धारेचा घातला तर बसतो बरोबर, चालतो वाईट. ऑनलाइन चार नगांचा सेट एका अस्सल नगापेक्षा स्वस्त मिळत असेल तर तो अस्सल नाही.

नवे घेण्याआधी जुने चांगल्या बेंचवर अल्ट्रासॉनिकनं धुऊन, फ्लो आणि गळती तपासून आणा. आतली जाळी आणि रिंगा नव्या घालून बरेच सेट परत कामाला येतात. कॉइल तुटलेला किंवा सुई झिजलेला मात्र धुऊन सुधारत नाही. आणि गॅरेजमध्ये बॅटरीच्या वायरा थेट लावून क्लीनर मारणाऱ्याला आधी ओहम मोजायला लावा. १२ ओहमच्या कॉइलमधून १ अँपिअर जातो. २ ओहमच्या लो इम्पीडन्समधून ६ अँपिअर, आणि तो तिथल्या तिथं जळतो.

टीएसआयसारख्या (फोक्सवॅगन-स्कोडाच्या) डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे थेट सिलिंडरमध्ये फवारा मारणाऱ्या गाड्यांना यातलं फारसं लागू नाही. तिथे प्रेशर शंभर बारच्या पुढे, सील टेफ्लॉनचे, ते बसवायला वेगळं टूल. ते काम घरी नकोच.

सुरू झाल्यावर

बॅटरी काढलेली असल्यानं बऱ्याच गाड्यांत ईसीयूनं जुन्या इंजेक्टरवर शिकलेलं पुसलं जातं. आयडल पहिल्या दिवशी थोडं वर-खाली झालं तर गडबडू नका. शहरात आणि हायवेला मिळून थोडं फिरवा, मग ट्रिम बघा, चारी प्लग काढून रंग एकसारखा आहे ना ते बघा. डिपस्टिक काढून वास घ्या: गळक्या इंजेक्टरनं ऑइलमध्ये पेट्रोल उतरलं असेल तर पातळी वाढलेली दिसते. अशा ऑइलवर गाडी घाटात नेऊ नका, फिल्टरसकट बदला.