ब्रिटनमध्ये एरियलशिवाय टीव्ही: आधी सोफा सरकवा

दर सप्टेंबरात नवीन मंडळी येतात आणि पंधरा दिवसांत कुणाचा तरी फोन येतोच. "दादा, घरमालकाने टीव्ही ठेवलाय, पण लावला की नुसतं 'नो सिग्नल' दिसतं. वर अँटेनाही नाही. महिन्याचं पॅकेज घेऊन टाकू का?"

थांबा. कुठल्याही कंपनीशी अठरा-चोवीस महिन्यांचा करार करण्याआधी एक काम करा: सोफा सरकवा. कपाट सरकवा. पलंगामागे वाकून बघा. इथल्या बऱ्याच फ्लॅटच्या इमारतींत छपरावर सगळ्यांचा मिळून एक अँटेना असतो (इकडे त्याला एरियल म्हणतात) आणि त्याची तार प्रत्येक घरात आलेली असते. रेडिंगला माझ्या पहिल्या घरात मी आठ महिने लॅपटॉपवर टीव्ही बघितला. घर सोडताना कपाट हलवलं, तर मागे भिंतीत सॉकेट! धूळ बसलेलं, पण जिवंत. दुकानातून साधी तार आणायची, टीव्हीला जोडायची, मेनूत जाऊन चॅनेल शोधायला लावायची, की झालं. 2002 साली सुरू झालेलं फ्रीव्ह्यू, म्हणजे एरियलवरची फुकट चॅनेल, ते हेच, आणि आताच्या प्रत्येक टीव्हीत ते असतंच.

सॉकेट नाहीच सापडलं तर बाहेर जाऊन भिंतीकडे बघा. आधीच्या भाडेकरूची डिश तशीच लटकत असेल. करार संपला तरी डिश कुणी काढून नेत नाही, आणि ती बघत असते त्याच उपग्रहावरून फुकट चॅनेलही येतात. त्या सेवेचं नाव फ्रीसॅट, 2008 पासून चालू आहे. तिचा डबा एकदाच विकत घ्यायचा, पुढे महिन्याला काही नाही. खोलीत आलेली तार डिशची की एरियलची हे टोकावरून ओळखा. डिशच्या तारेला पेच असतो, नटासारखा फिरवून बसवायचा. एरियलची नुसती खुपसायची. मात्र डिश अगदी अलीकडची, म्हणजे स्काय या पैसे घेऊन टीव्ही दाखवणाऱ्या कंपनीच्या 'स्काय क्यू' डब्यासाठी बसवलेली असेल, तर तिच्या तोंडाशी असलेला भाग वेगळा असतो आणि जुना फ्रीसॅट डबा तिच्यावर चालत नाही. डबा घेताना दुकानात तेवढं विचारा. नवी डिश लावायच्या भानगडीत भाड्याच्या घरात पडू नका. घरमालकाची परवानगी हवी, आग्नेयेकडची मोकळी भिंत हवी, आणि वर्षभरात घर बदललं की सगळं तिथेच सोडून जायचं.

आता तिसरा मार्ग. दहांतल्या आठ जणांना मी हाच सांगतो: इंटरनेट. ब्रॉडबँड तुम्ही आल्या-आल्या घेतलेलंच असतं. बीबीसीचं आयप्लेअर, आयटीव्हीचं आयटीव्हीएक्स, चॅनल फोर आणि फाइव्ह यांची आपापली ॲप आहेत, आणि चौघांवरही चालू कार्यक्रम थेट दिसतो. स्कॉटलंडमध्ये असाल तर आयटीव्हीच्या जागी एसटीव्ही प्लेअर. खातं उघडताना पोस्टकोड विचारतात, तो खरा घाला. प्रादेशिक बातम्या त्यावरून ठरतात, नाहीतर लीड्समध्ये बसून लंडनच्या लोकलचा खोळंबा ऐकाल. ॲपचे पैसे लागत नाहीत (लायसन्सचं पुढे सांगतो). बीबीसी सोडून बाकीच्यांवर जाहिराती मात्र येतात, आणि त्या पुढे ढकलता येत नाहीत.

टीव्ही जुना असेल तर त्यावर ही ॲप नसतात, किंवा होती आणि कंपनीने त्या मॉडेलसाठी बंद केली. म्हणून सेकंडहँड 'स्मार्ट' टीव्ही घेताना नुसत्या त्या शब्दावर जाऊ नका, विकणाऱ्याच्या घरी आयप्लेअर लावून दाखवायला सांगा. फसलात तरी बिघडत नाही, मागे एचडीएमआयचं भोक असलं की स्वस्तातली स्ट्रीमिंग स्टिक लावून काम भागतं. नवाच टीव्ही घेणार असाल तर खोक्यावर 'फ्रीली' लिहिलंय का बघा. बीबीसी, आयटीव्ही, चॅनल फोर आणि फाइव्ह यांनी मिळून एप्रिल 2024 मध्ये ती सेवा आणली. एरियल नको, डिश नको, वायफाय जोडलं की रिमोटवर चॅनेल एकामागोमाग बदलत जातात, आपल्याकडच्या केबलसारखे. ॲप उघडा, बंद करा, दुसरं उघडा, हा उद्योग उरत नाही. घरी आई-बाबा राहायला येणार असतील तर एवढ्याचसाठी फ्रीली घ्या. फक्त लहान-सहान चॅनेल सगळीच इंटरनेटवरून येत नाहीत, आणि जुन्या टीव्हीवर हे ॲप म्हणून टाकता येत नाही.

इंटरनेटवरचं 'थेट' हे थोडं शिळं असतं. अर्धा मिनिट, कधी जास्त. फुटबॉलची मॅच असेल आणि शेजारच्याकडे एरियल असेल, तर गोल आधी भिंतीतून ऐकू येतो आणि मग पडद्यावर दिसतो. क्रिकेटवाल्यांनी तर आशाच सोडा, इंग्लंडमधल्या कसोट्या थेट बघायला पैसेच मोजावे लागतात. 2019 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना चॅनल फोरवर फुकट दिसला होता, त्याची आठवण आम्ही अजून काढतो.

आणि आता लायसन्स, म्हणजे टीव्ही बघण्यासाठी दर वर्षी फी भरून घ्यायचा परवाना. इथे सगळे घसरतात. "एरियल नाही, मग लायसन्स कशाला?" हा युक्तिवाद मी निदान वीस जणांकडून ऐकलाय. एरियलचा आणि लायसन्सचा काहीही संबंध नाही. टीव्ही घरात असण्याचाही नाही. तुम्ही काय बघता यावर ते ठरतं. कुठल्याही चॅनेलचा कार्यक्रम प्रसारित होत असताना बघितलात, तर लायसन्स हवं, मग तो टीव्हीवर असो, फोनवर असो, नाहीतर यूट्यूबवर चाललेलं वृत्तवाहिनीचं थेट प्रक्षेपण असो. रात्री आठची मराठी मालिका भारतातल्या वाहिनीवरून थेट बघितलीत तरी हवं, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. आयप्लेअरचा नियम आणखी कडक आहे. 1 सप्टेंबर 2016 पासून त्यावरचा जुना भाग बघायलाही लायसन्स लागतं. याउलट आयटीव्हीएक्स, चॅनल फोर, फाइव्ह यांवर आधी होऊन गेलेले कार्यक्रम नंतर सवडीने बघितले तर लागत नाही. यूट्यूबवरचे साधे व्हिडिओ, नेटफ्लिक्सवरचे सिनेमे, रेडिओ, यांनाही नाही. आपल्याकडे एकेकाळी रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन भरायचे, माझ्या आजोबांच्या कपाटात ती पुस्तिका होती. इथे रेडिओ त्यातून सुटला, टीव्ही राहिला.

1 एप्रिल 2025 ला वर्षाची फी 174.50 पौंड झाली. ती सहसा एप्रिलात बदलते, तेव्हा भरायच्या वेळी ताजा आकडा बघा. महिन्याच्या हप्त्याने भरणार असाल तर एक गोष्ट कुणी सांगत नाही: पहिल्या वर्षाचे पैसे सहाच महिन्यांत वसूल करतात. त्यामुळे 2025 च्या दराने 14-15 पौंडांच्या अपेक्षेने बसलेल्याच्या खात्यातून 29 जातात आणि मला फोन येतो. चार जण एकत्र राहत असाल तर भाडेकरार काढून बघा. सगळ्यांची नावं एकाच करारावर असतील तर बहुधा घराला एक लायसन्स पुरतं. प्रत्येकाचा खोलीपुरता वेगळा करार असेल, तर खोलीत बघणाऱ्याने आपापलं घ्यायचं. विद्यापीठाच्या हॉस्टेलवाल्यांनाही हेच लागू.

लायसन्स न घेता राहणार असाल आणि खरंच लागत नसेल, तर तसं लायसन्सवाल्या 'टीव्ही लायसन्सिंग'ला ऑनलाइन कळवून टाका. नाहीतर 'लीगल ऑक्युपायर', म्हणजे घरात राहणाऱ्याच्या, नावाने पत्रं येत राहतात, लाल अक्षरांतली, दर वेळी आवाज थोडा चढवून. घाबरू नका, पण नियमात असाल तरच निवांत राहा, दंड 1,000 पौंडांपर्यंत होऊ शकतो. दारावर त्यांचा माणूस आला तर त्याला घरात घेण्याची सक्ती तुमच्यावर नाही, कोर्टाचं वॉरंट असेल तर गोष्ट वेगळी. आणि 'तुमचं लायसन्स संपलंय, इथे क्लिक करा' अशी ईमेल आली तर लिंक दाबू नका, ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करून आत जा.

आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी 'सगळी चॅनेल, सगळी क्रिकेट, वर्षाला साठ पौंड'वाला डबा विकायला येईल. मी घेतला होता. तीन महिने झकास चालला, मग एका रविवारी ऐन सामन्यात पडदा काळा झाला आणि विकणाऱ्याचा नंबरही. तक्रार कुणाकडे करणार? माल मुळात बेकायदा. साठ पौंड गेले ते गेले, वर त्यात कार्डाचा नंबर टाकला होता म्हणून बँकेत कार्ड बदलून घ्यावं लागलं.

भारतात सुट्टीवर गेलात तर ही ॲप तिथे चालणार नाहीत, म्हणून मुलांची कार्टून आयप्लेअरवर आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, विमानात कामी येतात. घर बदललंत तर लायसन्सवरचा पत्ता बदला, नवं घ्यायची गरज नाही. कायमचे परत निघालात तर ते रद्द करा आणि उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे मागून घ्या. सामान बांधायच्या गडबडीत हे हमखास राहतं, आणि बँकेचं खातं बंद झाल्यावर आठवतं.