टीमकडून नवीन आयडिया हव्यात? मग या चुका टाळा

14 वर्षं जाहिरातीत कॉपी लिहितोय, त्यातली 6 वर्षं टीम सांभाळतोय, आणि दर सणाला तेच बघून जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवंय ते, द्यायचं आणि सोमवारी "काहीतरी हटके आणा" म्हणायचं. जुन्या एजन्सीत अक्षय्य तृतीयेचं काम असंच आलं, सोन्याचा क्लायंट. पाच जण दोन रात्री कॉन्फरन्स रूममध्ये, वडापावचे तेलकट कागद टेबलावर तसेच, वीकेंड म्हणून एसी बंद. सोमवारी 22 आयडिया होत्या आणि सगळ्यांत फिरून फिरून नथ, पैठणी, आजीच्या पाटल्या. एरवी चहा पिता पिता तीन ओळी सुचवणारी आमची ज्युनिअर मागच्या वर्षीची फाईल उघडून नुसती बघत बसलेली. मला वाटलं कंटाळा करतेय, म्हणून वर मीच ओरडलो तिला. डोकं पार रिकामं झालं होतं पोरीचं. शेवटी जुनीच जाहिरात रंग बदलून गेली, आणि चार महिन्यांत तिने राजीनामा दिला.

हार्वर्डच्या संशोधक तेरेसा अमाबिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 7 अमेरिकन कंपन्यांतल्या 177 लोकांच्या रोजच्या 9,000 हून जास्त नोंदी तपासल्या, ते 2002 मध्ये छापून आलं. खूप घाईच्या दिवशी लोकांना वाटतं आपण जाम क्रिएटिव्ह झालोय, पण नोंदींत उलटंच दिसलं, आणि त्याचा फटका पुढचे दोन दिवस राहतो. म्हणजे आमचा सोमवार आधीच गेलेला होता! घाईतही सुचतं, पण तेव्हा काम महत्त्वाचं आहे हे पटलेलं असतं आणि मध्ये कोणी त्रास देत नाही. म्हणून मी ब्रीफ मंगळवारी देतो, आणि खरंच अर्जंट असेल तर त्या माणसाच्या हातातलं बाकी सगळं काढून घेतो, दुपारपर्यंत कॉल नाही की मेसेज नाही.

दुसरी चूक, उठसूट सगळ्यांना एकत्र बसवून ब्रेनस्टॉर्मिंग. 1958 च्या अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या प्रयोगात चौघांच्या गटापेक्षा एकेकटं बसलेल्या चौघांच्या मिळून जवळपास दुप्पट आयडिया निघाल्या. मी आधी 20 मिनिटं गप्प चिठ्ठ्या लिहून घेतो आणि सीनिअरने सगळ्यात शेवटी बोलायचं. नवीन मॅनेजरना ही 20 मिनिटंसुद्धा जड जातात, पाचव्याच मिनिटाला "चला बोला" सुरू. थांबा ना जरा.

बीन बॅग आणि पिझ्झा हा झोपेला पर्याय नाही.

नवीन करून बघ म्हणायचं आणि फसलेली आयडिया अप्रेझलमध्ये काढायची, हे करूच नका, तो माणूस पुन्हा तोंड उघडत नाही.

टीम अचानक गप्प झाली असेल तर ट्रेनिंग लावायच्या आधी लोक कितीला घरी जातायत ते बघा. मी साडेसातला लॅपटॉप बंद करून उठतो, कारण मी बसून राहिलो की टीममधली मुलं उठत नाहीत.